समजून घ्या : जाड दगडी भिंत धक्क्यात का फुटते? माळवदाच्या घरांसाठी किल्लारीचा धडा

आटपाडी : दगड-मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. कमी पावसाच्या माणदेशात ही घरे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. मात्र जमीन हादरली तर हीच रचना जिवावर बेतू शकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ६.२ क्षमतेच्या भूकंपात अशाच घरांखाली हजारो लोक गाडले गेले.

वर्षानुवर्षे उभी भिंत काही सेकंदांत का कोसळते?
दगड दाब उत्तम सोसतो. छताचे वजन सरळ खाली येते, तोवर चिंता नसते. भूकंपात पाया आडवा सरकतो, जड छत जडत्वामुळे मागे राहते आणि भिंतीवर ताण येतो. ताण सोसण्यात दगडी बांधकाम कच्चे. मातीच्या दर्जांत तर ही ताकद जवळपास नसतेच. भार वेगाने आला की दगड आणि सिमेंटची ताकद काहीशी वाढते, पण ठिसूळपणा जात नाही. लोखंड आधी वाकते, दगडी भिंत थेट सुटते.

भिंत जाड असली तरी?
बाहेरून एकसंध दिसणारी भिंत अनेकदा दोन पदरांची असते. मध्ये माती आणि बारीक दगडांची भर. हादऱ्याने भर खाली बसते, दोन्ही पदर बाहेर फुगतात.

छताचे वजन किती?
दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर फूटभर मातीचा थर म्हणजे सुमारे साडेचार टन. वजन जितके जास्त, तितका आडवा धक्काही मोठा.

आटपाडीला धोका आहे का?
११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने हादरलेले कोयनानगर येथून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. किल्लारी तर १९९३ पूर्वीच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. त्यामुळे ‘आपल्याकडे भूकंप होत नाही’ यावर विसंबणे योग्य नाही.

घर न पाडता काय करता येईल?
* माळवदावर दरवर्षी नवी माती चढवण्याआधी जुना थर कमी करणे.
* भिंतीत आरपार छिद्रे घेऊन सळई-काँक्रीटने दोन्ही पदर बांधणे. लातूर भागात हा उपाय वापरला गेला.
* नव्या बांधकामात उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर आरपार दगड, तसेच दारे-खिडक्यांवर चारही भिंतींना जोडणारा सलग काँक्रीटचा पट्टा.
* फुगलेली किंवा कोपऱ्यात उभी तडा गेलेली भिंत केवळ गिलावा करून न झाकणे.