जनुकाची कात्री कोणासाठी?

सिकलसेल म्हणजे काय, हे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या वस्त्यांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हातपाय ठणकतात म्हणून रात्रभर रडणारे लेकरू, रक्त चढवण्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्या आणि त्यात बुडालेली मजुरी, हे आमच्या कितीतरी घरांतले चित्र आहे. पूर्वाश्रमीचा महार असलेला बौद्ध समाज, गोंड, माडिया, तिकडे नंदुरबारात भिल्ल आणि पावरा यांच्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. कोणी त्याला करणी म्हटले, कोणी मागच्या जन्मीचे पाप!

विज्ञानाने हे थोतांड कधीच मोडीत काढले आहे. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. एकाच पालकाकडून हा बदल आला तर माणूस केवळ वाहक असतो. उलट मलेरियापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते. मलेरियाच्या मुलखात हा बदल टिकला तो म्हणूनच. आईवडील दोघेही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्याच त्या जातीत, त्याच त्या गोतावळ्यात सोयरिकी होत राहिल्या की दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. जातीअंतर्गत विवाह हाच जातिव्यवस्थेचा कणा आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले होते. हा कणा समाजाच्या रक्तालाही बाधतो, हे आज दिसते आहे.

आता याच आजारावर इलाज निघाला आहे. क्रिस्पर या 'जनुकीय कात्री'साठी २०२० साली दोन महिला शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले. तिच्यावर आधारलेल्या 'कॅसजेव्ही' उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशी काढून त्यात दुरुस्ती करून परत सोडायच्या, असा हा उपचार. अमेरिकेत त्याची किंमत ठरली २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे १८ कोटी रुपये! गडचिरोलीच्या तेंदूपत्ता मजुराने हा आकडा वाचायचा तरी कसा?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सरकारी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या स्वदेशी उपचाराची घोषणा झाली. नाव दिले 'बिरसा १०१'. आम्ही या शास्त्रज्ञांचे अभिनंदन करतो. पण घोषणा म्हणजे औषध नव्हे; त्यासाठी चाचण्यांचे टप्पे पार करावे लागतात. आणि बिरसा मुंडांचे नाव दिले की उपचार बिरसाच्या लेकरांपर्यंत आपोआप पोहोचतो, असेही नाही. जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेला मोफत मिळालेच पाहिजे, ही मागणी आजच नोंदवून ठेवली पाहिजे.

इथे एक इतिहास आठवतो. अमेरिकेतही सिकलसेल हा प्रामुख्याने काळ्यांचा आजार, म्हणून उपेक्षित. १९७१ च्या सुमारास ब्लॅक पँथरांनी वस्त्यावस्त्यांत मोफत रक्ततपासणी सुरू केली. १९७२ मध्ये अमेरिकी सरकारला सिकलसेलसाठी कायदा करावा लागला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्यांच्याकडून आपण नाव घेतले, लढाऊ बाणा घेतला. पण रक्ततपासणीचे ते टेबल मात्र आपल्या वस्तीत मांडायचे राहून गेले.

ते आता मांडू या. हायड्रॉक्सीयुरिया ही साधी, स्वस्त गोळी वेदनेचे झटके कमी करते. ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळते का, हे तपासणे आपल्या हातात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी रुग्णाला किती खेटे घालावे लागतात, हे विचारता येते. वाहक मुलीचे लग्न मोडणाऱ्या नातेवाइकांना समज देता येते. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी भोजनदानाच्या मंडपाशेजारी तपासणीचा मंडप उभारता येतो.

अठरा कोटींची कात्री यायची तेव्हा येईल. पण दहा-वीस रुपयांच्या गोळीअभावी आपले एखादे लेकरू रात्रभर तळमळत असेल, तर त्याचा जाब सरकारला विचारायचा आणि स्वतःलाही.