अंदाज संगणकाचा, डोंगर आमचा

२२ जुलै २०२१ ला महाडच्या तळिये गावावर दरड कोसळली. त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सोलापूरकडच्या ज्वारीवाल्याला वर्षभरात मिळतो जवळपास तेवढा!

संगणक नकाशावर चौकोन आखतो आणि प्रत्येक चौकोनाला पावसाचा एकच आकडा देतो. चौकोन १२ किलोमीटरचा असला, की घाटमाथा आणि त्यामागचा कोरडा मुलूख एकाच मापात येतात. अतिवृष्टी सरासरीत बुडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेल्या नव्या प्रणालीत मे २०२५ पासून चौकोन ६ किलोमीटरचा झाला. स्वागत!

पण अंदाज खरा की खोटा, हे पर्जन्यमापकच सांगतो. वाडीवर मापकच नसेल, तर संगणकाची चूक सुधारणार कोण? मापक बसवा, आकडे खुले करा. घाटात आणि आमच्या शिवारातही. मेल्यावर मदत नको. आधी माहिती हवी.