घड एका दिवसाचा, झाड तीस वर्षांचे




फळबागायतदाराने एखाद्या मोठ्या कंपनीशी करार केला की त्याला भोळा ठरवायची आपल्याकडे रीत आहे. शहाणपण शिकवणारे बहुतेक बाजारसमितीपासून लांब राहतात. पैनगंगेच्या या काठावरून, आदिलाबाद जिल्ह्यातून, माझी त्याला हरकत आहे.

आमचा शेतकरी मुळात कापसाचा. कापूस घरात भरून ठेवता येतो. व्यापाऱ्याशी पटले नाही तर भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर हमीभाव मिळतो. पिकलेले सीताफळ मात्र दोन-तीन दिवसांत विकावेच लागते. आदिलाबादच्या मार्केट यार्डाचे नाव कापसासाठी. फळे न्यायची तर नागपूरचे कळमना, नाहीतर हैदराबादजवळचे बाटासिंगारम. तिथे पोचल्यावर माल परत आणण्याची सोय नाही, हे अडत्यालाही ठाऊक असते. विदर्भातले संत्रावाले फुलावरच बाग व्यापाऱ्याला देतात. इसार हातात पडतो, पण भाव कोसळला की व्यापारी फिरकत नाही. कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हे; पण तिला पत्ता असतो, तिच्याविरुद्ध तक्रार करता येते. शेतकरी तिच्याकडे जातो तो हा हिशेब करून.

ऑइल पाममध्ये तर दुसरा पर्यायच नाही. तोडलेला घड साधारण चोवीस तासांत गिरणीत गेला पाहिजे, नाहीतर तेलाचा कस जातो. म्हणूनच तेव्हाच्या आंध्र प्रदेशच्या १९९३ च्या ऑइल पाम कायद्याने कारखान्यांना क्षेत्र वाटून दिले: शेतकऱ्याने माल त्याच कारखान्याला द्यायचा आणि कारखान्याने तो सरकारने ठरवलेल्या दराने घ्यायचा. रोप लावल्यापासून पहिल्या घडापर्यंत तीन-चार वर्षे जातात, झाड पंचवीस-तीस वर्षे उभे राहते. कापूस नको वाटला तर पुढच्या हंगामात सोयाबीन पेरता येते, पाम असा मोडता येत नाही.

माझे भांडण आहे ते इथे. केंद्राने २०२१ मध्ये ऑइल पामसाठी ११,०४० कोटींचे अभियान आणले, लागवडीला जोर दिला. पण घडाचा दर कच्च्या पामतेलाच्या भावाला बांधलेला. ३० मे २०२५ रोजी त्याच केंद्राने कच्च्या पामतेलावरचे मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले. ग्राहकाला स्वस्ताई, आणि झाड आमच्या शेतात! शेतकरी तीस वर्षांसाठी बांधला जात असेल, तर गिरणी कुठे व कधी उभी राहणार, तोवर घड कोणाच्या भाड्याने जाणार आणि दराचे सूत्र काय, हे करारात लेखी असावे. तो कागद तेलुगूबरोबर मराठीतही मिळावा. बेला, जैनथ भागात मराठी शाळेत शिकलेले शेतकरी कमी नाहीत.

असा करार एकट्याच्या बळावर पदरात पडत नाही. नाशिकजवळ मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही उत्पादक कंपनी शेतकऱ्यांच्याच मालकीची आहे. तिथला द्राक्षवालाही परदेशी बड्या खरेदीदारांनाच माल देतो, पण बोलणी हजारो जणांच्या वतीने होतात. आमच्याकडे प्रत्येक जण एकेकटा सही करतो. रोपे देताना फलोत्पादन खात्याची माणसे गावोगाव फिरली. पाम उत्पादकांची कंपनी नोंदवायलाही त्यांनी यंदाच्या खरिपाआधी एकदा यावे.

आपला,
एक बागायतदार, बेला (जि. आदिलाबाद)