ब्रह्मबांधवांची अडविलेली वाट

ग्वाल्हेर म्हटले की मराठी माणसास शिंद्यांची दौलत, तानसेनाची समाधी आणि झाशीच्या राणीचे बलिदान आठवते. कॅथलिक धर्मचिंतनाशी या नगरीचा काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येणार नाही. परंतु शिंद्यांच्या फौजेत युद्धकला शिकून इंग्रजांस हाकलून द्यावे, या वेडाने विशीही न गाठलेला एक बंगाली तरुण तेथे जाऊन थडकला होता. भवानीचरण बंदोपाध्याय त्याचे नाव. मांडलिक संस्थानात त्याची निराशाच व्हावयाची होती. 1891 साली तो कॅथलिक झाला आणि ब्रह्मबांधव उपाध्याय या नावाने भगव्या वस्त्रांत वावरू लागला.

संत थॉमस अ‍ॅक्वायनसने ख्रिस्ती सिद्धान्त ग्रीक अ‍ॅरिस्टॉटलच्या पायावर उभारला. मग भारतात तो शंकराचार्यांच्या वेदान्तावर का उभारू नये, असा त्यांचा सवाल होता. ख्रिस्ती त्रैक्यास त्यांनी ‘सच्चिदानंद’ म्हटले व त्यावर संस्कृत स्तोत्र रचिले. 1899 मध्ये नर्मदाकाठी जबलपूरला मठ काढण्याचा त्यांचा बेत पोपच्या भारतातील प्रतिनिधीने हाणून पाडला.

पुढे फ्रान्समध्ये हेन्री द ल्युबाक प्रभृती विद्वानांनी आद्य धर्माचार्यांच्या ग्रंथांकडे परतण्याची चळवळ केली. विरोधकांनी तिला ‘नवे धर्मशास्त्र’ म्हणून हिणविले. 1950 साली ल्युबाक यांस अध्यापनातून दूर करण्यात आले. त्याच वर्षी त्यांचे स्नेही मोंशानँ यांनी कावेरीकाठी आश्रम काढला. नाव ठेविले सच्चिदानंद! 1962 ते 1965 च्या व्हॅटिकन परिषदेने या चळवळीचे बरेचसे म्हणणे स्वीकारले, देशी भाषांतील उपासनेस वाट करून दिली आणि हिंदुधर्मात जे सत्य व पवित्र आहे ते आपण नाकारीत नाही, असे जाहीर केले. 1983 मध्ये ल्युबाक कार्डिनल झाले. उपाध्यायांच्या वाट्यास असे काही आले नाही. राजद्रोहाचा खटला चालू असतानाच 27 ऑक्टोबर 1907 रोजी कलकत्त्यात ते निवर्तले.

गोव्यातील हिंदूंस भगव्या कफनीतला ख्रिस्ती म्हणजे धर्मांतराची नवी युक्ती वाटते. मोडलेली देवळे व 1684 ची भाषाबंदी ध्यानी घेता हा संशय निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु उपाध्यायांस तो लागू पडत नाही. ज्याचा मठ खुद्द चर्चनेच बंद पाडला आणि ज्याला इंग्रज सरकारने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तो कोणाचा हस्तक? आमच्याच राशोलला 1616 साली फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापले गेले. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे उघडच आहे. तरीही ती ओवी आमच्या भाषेचे धन आहे. चर्च आज देशी रूप घेत असेल, तर त्यातला आदर कोणता व प्रचार कोणता, हे त्याने आम्हांस सरळ सांगावे. आम्हीही ते ऐकून घेण्यापूर्वी निकाल देऊ नये.