बुरूड राजाचा कोट आणि बुलडोझर

नालासोपारा म्हटले की लोकांना विरार लोकलची गर्दी आठवते. हेच प्राचीन शूर्पारक, पाली साहित्यातील सुप्पारक बंदर. येथील टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले आणि आत स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि मैत्रेयासह आठ बुद्धांच्या मूर्ती. बुरूड समाज आज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. स्तूपाचा राजा म्हणून लोकस्मृतीने कोणाला लक्षात ठेवले, हे इतिहासाच्या ठेकेदारांनी पाहावे!

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे 1882 मध्ये मिळाला, नवव्याचा 1956 मध्ये. आठव्यातील धम्मयात्रा आमच्या प्रत्येक भाषणात असते. नववा मात्र आम्ही विसरतो. लग्नकार्य, आजारपण, प्रवास यांतील कर्मकांडाचे फळ अल्प. दास आणि चाकरांशी नीट वागणे हे धम्ममंगल, असे त्यात सम्राट सांगतो.

आजचे सोपारे अशाच चाकरांचे आहे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया, वॉचमन इथे आले. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर बिल्डरांनी बनावट कागदपत्रांच्या जोरावर 41 इमारती उठवल्या व खोल्या विकल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2024 अखेर पाडकाम सुरू झाले, फेब्रुवारी 2025 मध्ये संपले. हजारो लोक रस्त्यावर आले. त्याच महापालिकेच्या हद्दीत, विरारला, ऑगस्ट 2025 मध्ये अनधिकृत इमारत कोसळून 17 जण गेले.

न्यायालयाच्या आदेशाविषयी आमची तक्रार नाही. राखीव जागा शहराचीच असते. पण 41 इमारती एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. स्लॅबवर स्लॅब पडत असताना महापालिकेचे अधिकारी कुठे होते? 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामास बंदी आहे, पुढील 200 मीटरमध्ये परवानगी लागते. 1966 च्या नगररचना कायद्यातही अनधिकृत बांधकामाला कैद आहे. कायदा अपुरा नाही. तो बिल्डरच्या दारात थांबतो आणि भाडेकरूच्या दारात बुलडोझर घेऊन जातो.

बुद्ध पौर्णिमेला स्तूपावर जमणाऱ्या बांधवांनी मेणबत्त्यांबरोबर एक निवेदनही न्यावे: फसवल्या गेलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन करा आणि त्या काळात खुर्चीवर असलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याची नावनिशीवार चौकशी करा.