रज्जबचा चाँद दिसला की साखर तपासा

मधुमेह असलेल्या माणसाला "तपासणी केली का?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "मला काही त्रास नाही." माझा आक्षेप याच उत्तराला आहे. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड खराब होऊ लागतात तेव्हा दुखत नाही. पायाच्या नसा बधिर झाल्या तर जखमही कळत नाही. त्रास जाणवेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

नुसती उपाशीपोटीची साखर पाहून भागत नाही. एचबीए१सी तपासणीतून मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. साखर आटोक्यात असेल तर ती वर्षातून दोनदा करावी, नसेल तर दर तीन महिन्यांनी. डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि पाय वर्षातून एकदा तरी तपासलेच पाहिजेत.

आपल्यासाठी या तपासण्यांना आणखी एक कारण आहे, रमजान. रोज्यात औषधांच्या वेळा बदलतात. दिवसा साखर एकदम उतरू शकते आणि इफ्तारच्या भजी-शरबताने तितकीच चढते. म्हणूनच डॉक्टर रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी भेटायला सांगतात. रोजे झेपतील का, गोळ्या किंवा इन्सुलिन किती घ्यायचे, हे तेव्हाच ठरते. आपण मात्र सहरीच्या दिवशी अंदाजाने गोळी पुढे-मागे करतो.

बोट टोचून साखर पाहिली तर रोजा तुटतो, हा समजही सोडून द्यावा. रोजा त्याने तुटत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर मात्र रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. कुरआनने सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोज्याची सवलत दिली आहे. अल्लाहने दिलेली सवलत नाकारून जीव धोक्यात घालणे ही परहेजगारी कशी?

माझे म्हणणे एवढेच आहे. रज्जबचा चाँद दिसला की घरातल्या प्रत्येक मधुमेही माणसाची तपासणी व्हावी. जुम्याला मशिदीतून याची आठवण करून द्यावी. पुरुषांबरोबर अम्मी, खाला, बायको यांनाही न्यावे, कारण सगळ्यांची सहरी रांधणारी बाई स्वतःची साखर शेवटी तपासते, किंवा तपासतच नाही. खर्चाची अडचण असेल तर सरकारी आरोग्य केंद्र आहेच. तिथे तिशीपुढच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब मोफत तपासला जातो.