तीन अधिक चार, बरोबर पाच!

मी बँकेतला कारकून, बी.कॉम. पास. तीन अधिक चार सात आणि सातच, या एका श्रद्धेवर माझी वीस वर्षांची नोकरी उभी आहे. परवा आमच्याच अकोल्याच्या घरात या श्रद्धेला सुरुंग लागला. चिरंजीव अमरावतीला इंजिनिअरिंगला आहेत. सुट्टीत आले आणि कागद पुढे करून म्हणाले, "बाबा, ग्रेडियंट तीन, चार. कमाल डायरेक्शनल डेरिव्हेटिव्ह पाच."

"सात काहून नाही?"

"फॉर्म्युला आहे. वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ."

"अरे, पण म्हणजे काय?"

"म्हणजे चार मार्क."

वाचकहो, माझं भांडण या 'चार मार्कां'शी आहे. हे गणित नव्हेच, हा डोंगर आहे! चिखलदऱ्याच्या वाटेवरचा एखादा उतार घ्या. पूर्वेला शंभर मीटर गेलं की तीन मीटर चढ, उत्तरेला गेलं की चार. सात मीटर चढायला दोनशे मीटर तंगडतोड करावी लागते. शंभराच्या व्हाऊचरवर दोनशेचं पेमेंट आमचे ऑडिटर पास करतील का? शंभर मीटरच, पण तिरपे असे चाला की पूर्वेला ६० आणि उत्तरेला ८० सरकाल. चढ १.८ अधिक ३.२, झाले पाच! बरोबर ईशान्येला गेलात तर ४.९५. कुठंही वळा, पाचाच्या वर पैसा मिळणार नाही. ती जी सगळ्यात उभी दिशा, तोच ग्रेडियंट.

आणि त्याला काटकोनात चढ शून्य. हे आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही; तो उताराला आडवंच पेरतो. अकोला-खंडवा लाईन टाकणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. उभी चढण इंजिनाला झेपत नाही, म्हणून मीटरगेजच्या दिवसांत धूळघाटाजवळ गाडी वेटोळं घालून आपलेच रूळ वरून ओलांडायची.

कोणी म्हणेल, साहेब, पोर्शन संपवायचा असतो, डोंगर दाखवायला वेळ कुठाय? अहो, मला दहा मिनिटं लागली, तीही चहासकट! उद्या हेच पोट्टं कुठं बांध घालील, रस्त्याची नाली काढील. पाणी त्याची मार्कलिस्ट पाहणार नाही. ते ग्रेडियंटच्या थेट उलट धावेल आणि बांध चुकला तर कोणाची तरी काळी माती घेऊन जाईल. चार मार्क गेले तर पुढच्या परीक्षेत मिळतात; माती मिळत नाही.

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, ग्रेडियंटची उलटी दिशा म्हणजे सगळ्यात जलद उतार?"

"हाव. पगाराच्या दुसऱ्या दिवशी माझं पासबुक ज्या दिशेनं निघतं, ती!"